तारखांची तुलना स्ट्रिंग म्हणून केली तर बिघडतं कुठे?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

अर्धविराम

पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कोणी दोन तारखांच्या स्ट्रिंगमध्ये (म्हणजे नुसत्या अक्षरांच्या ओळींमध्ये) सरळ 'पेक्षा लहान'चं चिन्ह टाकलं की कोडच्या रिव्ह्यूमध्ये शेरा ठरलेला: पीएचपीचा तारीख-वेळ सांभाळणारा तयार क्लास, म्हणजे 'डेटटाइम वापरा.' का वापरा, ते कोणी लिहीत नाही. माझं मत उलट आहे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, शून्यं भरून लिहिलेली असेल (२०२४-०३-०९), तर स्ट्रिंगची तुलना चालते एवढंच नाही, तीच जास्त बरोबर आहे. आयएसओ ८६०१ या तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात मोठं एकक आधी येतं, त्यामुळे अक्षरक्रम आणि कालक्रम एकच होतो.

घोळ होतो तो दिवस आधी लिहिल्याने. '१०-०२-२०२४' आणि '०९-०३-२०२४' यांत १० फेब्रुवारी मोठी ठरते, कारण पहिल्याच अक्षराला १ आणि ० ची गाठ पडते आणि निकाल तिथेच लागतो. हा दोष साच्याचा, स्ट्रिंगचा नव्हे. दिवस-महिना-वर्ष हा साचा पडद्यावर छापताना वापरावा, त्याआधी कुठेही नको.

शिवाय स्ट्रिंगचा डेटटाइम ऑब्जेक्ट केला की तारखेला नसलेली वेळ चिकटते. साचा सांगून तारीख वाचणाऱ्या क्रिएटफ्रॉमफॉरमॅटला नुसतं वर्ष-महिना-दिवस दिलं तर तास, मिनिटं, सेकंद तो चालू घड्याळातून भरतो. एकाच तारखेचे दोन ऑब्जेक्ट वेगवेगळ्या सेकंदाला तयार झाले तर ते समान नाहीत! साच्यात उद्गारचिन्ह टाकलं की वेळ शून्यावर येते, पण ते टाकतं कोण?

रात्रपाळी

साफ असहमत. तुमचा सगळा डोलारा 'शून्यं भरून लिहिलेली असेल तर' यातल्या 'तर'वर उभा आहे. डेटा एक्सेलमधून येतो, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या एपीआयमधून येतो. '२०२४-९-५' आणि '२०२४-१०-०१' यांची तुलना करून बघा. ९ हा १ पेक्षा मोठा, म्हणून सप्टेंबर ऑक्टोबरच्या नंतर. एरर नाही, वॉर्निंग नाही, अहवाल मात्र चुकलेला.

आणि टाइमझोन आला की खेळच संपला. '२०२४-०५-१० ०८:०० +०९:००' आणि '२०२४-०५-१० ००:३० +००:००'. स्ट्रिंग म्हणते पहिली नंतरची. प्रत्यक्षात पहिली म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ९ मे, रात्रीचे ११. डेटटाइमला हे हिशेब येतात, आणि पीएचपी ५.२.२ पासून लहान-मोठं-समान ही चिन्हं दोन ऑब्जेक्टमध्ये थेट चालतात. मग अडचण काय?

अर्धविराम

अडचण ही की तुम्ही क्षणाबद्दल बोलताय, मी तारखेबद्दल. लॉगमधली नोंद हा क्षण आहे. तिथे ऑब्जेक्टच हवा, वाद नाही. जन्मतारीख किंवा मुदतीचा शेवटचा दिवस हा क्षण नाही. त्याला टाइमझोन नसतो. जबरदस्तीने दिला की काय होतं ते जावास्क्रिप्टमध्ये बघा: '२०२४-०३-१०' ही स्ट्रिंग तिथल्या डेट ऑब्जेक्टला दिली की ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, आणि अमेरिकेतल्या ब्राउझरवर ९ मार्च दिसतो. तीच तारीख तिरक्या रेघा वापरून लिहिली तर स्थानिक मध्यरात्र. जन्मतारखेने ग्राहकाच्या देशानुसार सरकावं?

जुनं खोड

रेघांवरून आठवलं. स्ट्रिंगमधून तारीख ओळखणारं पीएचपीचं स्ट्रटोटाइम फंक्शनही रेघ बघूनच ठरवतं. तिरकी रेघ असेल तर अमेरिकी क्रम, महिना आधी. आडवी रेघ किंवा टिंब असेल आणि वर्ष चार आकडी असेल तर दिवस आधी. म्हणजे '०५/०४/२०२४' हा ४ मे आणि '०५-०४-२०२४' हा ५ एप्रिल. दोन्ही गप गिळतं. '१३/०४/२०२४' दिलं तेव्हाच कुठे नकार मिळतो, म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चूक लपून राहते. रात्रपाळी, बाहेरचा डेटा 'ऑब्जेक्टमध्ये टाकला' म्हणून तो शुद्ध होत नाही हो.

रात्रपाळी

स्ट्रटोटाइम वापरा असं मी म्हटलंच नाही. साचा सांगून वाचा, चुका तपासा. स्ट्रिंगला तर '२०२४-०२-३०'सुद्धा खरी वाटते.

जुनं खोड

डेटटाइमलाही वाटते. ३० फेब्रुवारी दिली की निमूटपणे १ मार्च करून देतो. पकडायचं तर तारीख खरोखर असते का ते सांगणारं चेकडेट वापरा, आणि ते वापरलंत की स्ट्रिंगवाल्यांचंही काम भागलं.

शून्यापासून मोजा

तुम्ही दोघं कोडमध्ये भांडताय, तुलना बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये होते. मार्चच्या नोंदी काढायला लोक 'बिटवीन २०२४-०३-०१ आणि २०२४-०३-३१' लिहितात. कॉलममध्ये वेळ असेल तर ३१ तारीख सुरू होतानाची मध्यरात्र उलटून गेल्यावरचं, म्हणजे ३१ तारखेचं जवळजवळ सगळं गळतं. म्हणून काही जण '२३:५९:५९' जोडतात, तेही अपुरं, कारण मायक्रोसेकंद साठवले असतील तर शेवटचा सेकंद निसटतो. सरळ '१ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी' असं लिहा. कॉलमला डेट फंक्शनमध्ये गुंडाळूही नका, मायएसक्यूएल या डेटाबेसला त्या कॉलमचा साधा इंडेक्स (झटपट शोधायची सूची) मग वापरता येत नाही.

रात्रपाळी

+१. पण ती १ एप्रिल काढणार कशी? स्ट्रिंगमध्ये महिना वाढवून दाखवा! इथे तरी ऑब्जेक्ट लागतोच.

अर्धविराम

लागतो, मान्य. पण डोळे मिटून नाही. ३१ जानेवारी २०२३ मध्ये 'एक महिना' मिळवा, डेटटाइम ३ मार्च देतो. २०२४ मध्ये २ मार्च. दरमहा वसुलीचं वेळापत्रक असं बनवलं तर फेब्रुवारी गायब. 'पुढच्या महिन्याचा शेवटचा दिवस' असं इंग्रजीत सांगायची सोय आहे, ती वापरावी. आणि साध्या डेटटाइमवर मॉडिफाय चालवलं की मूळ तारीखच बदलते. आरंभाची तारीख शेवटच्या तारखेत 'कॉपी' करून महिना वाढवणाऱ्यांच्या दोन्ही तारखा सरकतात. २०१३ च्या पीएचपी ५.५ पासून मूळ तारीख न बदलणारा डेटटाइमइम्युटेबल आहे. शेरा मारायचाच असेल तर त्याचं नाव लिहा.

टिंबटिंब

अवांतर: वेळेच्या साच्यात मिनिटांसाठी 'एम' लिहिणाऱ्यांचं काय करायचं? पीएचपीत तो महिना, मिनिटं म्हणजे 'आय'. मार्चमध्ये दिवसभर प्रत्येक वेळ 'वाजून ३ मिनिटं' दिसते आणि टेस्ट नेमकी १० वाजून ३ मिनिटांनी केली तर पास.

रात्रपाळी

:D याला ऑब्जेक्टही वाचवू शकत नाही.

अर्धविराम, तुमचा तारीख-क्षण फरक पटतो. तरी दहा जणांच्या टीममध्ये स्ट्रिंग चालू द्यायला मी तयार नाही. फंक्शनला स्ट्रिंग आली तर ती कुठल्या साच्यात आहे हे तिच्या टाइपवरून कळत नाही. मी फक्त तारीख धरणारा छोटा क्लास करीन, बनवतानाच साचा आणि चेकडेट तपासीन, आत हवं तर तुमची स्ट्रिंगच ठेवीन.

अर्धविराम

आणि त्या क्लासमध्ये तुलना कशी कराल?

रात्रपाळी

स्ट्रिंगनेच. पण ती ओळ एकाच फाइलमध्ये असेल, चाळीस ठिकाणी नाही.