रेसमध्ये ऑटो गिअर चालू द्यायचा का?

गंगापूररोड_लॅपटाइम
आपल्या नाशिकच्या ग्रुपची रविवारची ऑनलाइन रेस आली की हा वाद निघतोच, म्हणून इथे एकदाचं मांडतो. माझं म्हणणं, सगळ्यांना मॅन्युअल कंपल्सरी करा. गेममधला ऑटो फक्त आरपीएम बघतो, पुढे वळण आहे की सरळ रस्ता हे त्याला कळतच नाही. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकचं पहिलंच वळण घ्या, ला सोर्स, जवळजवळ यू-टर्नच. ऑटो गाडीला पार पहिल्यावर आणतो, बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची चाकं जागेवर फिरतात, मॅन्युअलवाला तिथे दुसरा धरून ठेवतो आणि निघून जातो. पावसात तर विचारूच नका, वरचा गिअर लवकर टाकला की चाकांवर येणारा टॉर्क कमी होतो आणि मागची बाजू सुटत नाही, पण ऑटो बसतो रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत ताणत. कुठला गिअर कधी हवा हे वळणाच्या आधी ठरवायचं असतं, आणि ते ठरवणं म्हणजेच ड्रायव्हिंग. ते गेमवर सोडलं तर आपण फक्त स्टिअरिंग फिरवतोय.

कीबोर्डवाली_पंचवटी
दादा, तुमचं सगळं बरोबर धरलं तरी कंपल्सरी कशाला? तुम्हीच सांगताय की ऑटोवाला प्रत्येक वळणाला वेळ घालवतो, म्हणजे त्याची शिक्षा त्याला ट्रॅकवरच मिळतेय ना, वरून नियम कशाला हवा. आणि सगळ्यांकडे गेमचं स्टिअरिंग व्हील नाही. मी कीबोर्डवर खेळते, स्टिअरिंग एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे, ब्रेकचंही तसंच, त्यातच सगळी बोटं अडकलेली. नवीन माणसाने आधी लाइन (वळणातून गाडी कुठून न्यायची) आणि ब्रेकिंग पॉइंट (ब्रेक कुठे मारायचा) शिकावा, गिअर नंतर. सगळं एकदम डोक्यावर टाकलं की पोरं दुसऱ्या रविवारी येतच नाहीत, हे आपण बघितलंय.

सातपूर_सेकंडशिफ्ट
ताई, नंतर नंतर म्हणत कोणी शिकत नाही. ब्रेकिंग आणि गिअर वेगळे नाहीतच. कसारा घाट उतरताना जड गाडीवाला खालचा गिअर टाकूनच उतरतो, नुसत्या ब्रेकवर उतरला तर ब्रेक तापून फेल व्हायची भीती. ट्रॅकवर पण तेच, ब्रेक मारता मारता गिअर खाली आले की इंजिनही गाडीला ओढून धरतं. ऑटोवर ब्रेकिंग पॉइंट पाठ केला आणि मग मॅन्युअलला आलात की तो पॉइंटच बदलतो, म्हणजे परत पहिल्यापासून.

गोदाकाठ_पॅडल
जरा थांबा रे, मॅन्युअल म्हणजे नेमकं काय ते तरी ठरवा. काही जण एच पॅटर्नचा शिफ्टर, म्हणजे साध्या गाडीसारखा गिअरचा दांडा, आणि क्लच नसेल तर खरं ड्रायव्हिंग नाही म्हणतात, ते मला पटत नाही. १९८९ ला फेरारीने एफ वनच्या ६४० गाडीत स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायचे पॅडल दिले आणि त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेलने त्या गाडीची पहिलीच रेस, ब्राझीलची, जिंकली. आजच्या जीटी३ गाड्यांना (स्पोर्ट्स कारच्या रेसिंग आवृत्त्या) पण पॅडलच असतात, त्या गाडीत एच पॅटर्न वापरणं हेच खोटं. जुनी गाडी घेतली तर मात्र क्लच, हील अँड टो (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबणं) सगळं यायला हवं, तिथली मजाच ती आहे. आणि ऑटोचं म्हणाल तर एफ वनमध्ये २००१ पासून फुल ऑटोमॅटिक चालत होता, २००४ पासून बंद केला. पॅडल ठेवले, ऑटो काढला. गिअर कधी टाकायचा हे ड्रायव्हरच्या हातात राहिलं. मी गंगापूररोडच्या बाजूने.

एकहाती_इंदिरानगर
अपघातानंतर माझ्या डाव्या हातात जोर नाही. उजव्या हाताने व्हील धरतो, पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, गिअर ऑटो. दोन्ही पॅडल एका हाताने भर वळणात सापडत नाहीत. तुमचा नियम झाला की मी बाहेर. लॅपला मागे पडतो ते मला चालतं, तुमच्यासोबत ग्रिडवर, रेसच्या सुरुवातीच्या रांगेत, उभं राहायला मिळतं ते महत्त्वाचं आहे.

गंगापूररोड_लॅपटाइम
भावा, तुझ्यासाठी नियम नाहीच, तू ऑटोच ठेव, त्यावर कोणी एक शब्द बोलणार नाही. माझं बोलणं दोन्ही हात धड आणि समोर व्हील असून आळसाने ऑटो ठेवणाऱ्यांबद्दल आहे.

कीबोर्डवाली_पंचवटी
आणि हे ठरवणार कोण? प्रत्येकाला हात दाखव, कारण सांग, मग आम्ही परवानगी देतो, असं करणार का? आपल्यात खेळायला येणाऱ्या माणसाला स्वतःचं दुखणं चारचौघांत सांगायला लावणं मला अजिबात मान्य नाही. ऑटो सगळ्यांना खुला ठेवा.

सातपूर_सेकंडशिफ्ट
हा मुद्दा ताईचा बरोबर आहे, तपासणी नको. पण मग शिकवायचं तरी मनावर घ्या. ज्याला यायचंय त्याला माझदा एमएक्स-५ सारखी कमी ताकदीची गाडी द्या, इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचचा इंडी ट्रॅक लावा, दोन किमीपेक्षाही छोटा आहे, तीच वळणं सारखी सारखी येतात. स्क्रीनवरचा गिअरचा आकडा आणि आरपीएमचा काटा बंद करून टाका, नुसता इंजिनचा आवाज ऐकून गिअर टाकायचा. शनिवारी रात्री माझी शिफ्ट सुटल्यावर मी सर्व्हर उघडा ठेवतो, कीबोर्डवाल्यांनीही या, गाडी हळू आहे, बोटांना वेळ मिळतो.

गंगापूररोड_लॅपटाइम
शनिवारी मी पण येतो शिकवायला. कंपल्सरीचं माझं मत मात्र तेच आहे.