मदत हवी आहे: म्युनिकला नवी गाडी घेऊन दसऱ्याला आल्प्समध्ये

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे. पण म्युनिकच्या बीएमडब्ल्यू वेल्टमधून (कंपनीचं नव्या गाड्या ताब्यात देण्याचं केंद्र) ज्यांनी स्वतः गाडी घेतली आहे किंवा ऑक्टोबरात आल्प्सचे घाट चालवले आहेत, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

आम्ही न्यूर्नबर्गला राहतो. एक्स-वन बुक केली आहे, पेट्रोल, ऑटोमॅटिक. गाडी इथल्या शोरूममध्येही मिळाली असती, पण म्युनिकला जाऊन घेता येते म्हटल्यावर नवऱ्याच्या डोक्यात किडा वळवळला. तिथून पुढे डोंगर हाकेच्या अंतरावर. चिपळूणहून आईबाबा आलेले असतील, मग त्यांनाही आल्प्स दाखवून होतील, असा एकंदर बेत.

पहिला घोळ तारखेचा. विक्रेत्याने दोनच तारखा दिल्या आहेत. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत, त्यामुळे पहिली तारीख बरोब्बर पितृपक्षात पडते. दुसरी थेट दसऱ्याची, म्हणजे ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. आई पहिली तारीख ऐकूनही घेत नाही. मी कॅलेंडर घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की साडेतीन मुहूर्त आणि आल्प्स यांचं काही जमत नाही. गुढीपाडव्याला उंच खिंडी बर्फात गाडलेल्या, अक्षय्य तृतीयेला बहुतेक ठिकाणी अजून बर्फ काढायचंच काम चालू, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत परत बंद व्हायची वेळ. राहता राहिला दसरा, तोही यंदा इतका उशिरा.

आमचा कच्चा आराखडा असा: सकाळी गाडी ताब्यात, त्याच दिवशी झेल आम झे गाठायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॉसग्लॉकनर रस्ता (ऑस्ट्रियातला उंच घाटरस्ता) चढून हायलिगेनब्लुटला उतरायचं. मग लिएन्झ, कोर्टिना, इटलीतल्या डोलोमाइट्सच्या खिंडी, आणि ब्रेनरवरून परत. स्टेल्व्हिओचा घाटसुद्धा यादीत होता, पण ४८ वळणं ऐकून आईने हात जोडले.

आता मुख्य काळजी. गाडीचं माहितीपुस्तक मी आधीच वाचून काढलं (हो, तशी मी आहे). त्यात म्हटलंय की ब्रेकच्या डिस्क आणि पॅड एकमेकांना नीट बसायला साधारण ५०० किलोमीटर लागतात, नव्या टायरला पूर्ण पकड यायला ३००, आणि पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही. म्युनिक ते झेल आम झे जेमतेम दोनशे किलोमीटर, त्यातलेही बरेचसे महामार्गावर, जिथे ब्रेकला फारसा हात (पाय!) लागत नाही. म्हणजे कोऱ्या ब्रेकवर मी अडीच हजार मीटरवरून गाडी उतरवणार. यात खरंच धोका आहे, की कंपन्या आपलं सावधगिरी म्हणून लिहून ठेवतात?

घरात यावर दोन तट आहेत. नवरा म्हणतो आजकालच्या गाड्यांना काही होत नाही. बाबा एसटीत चालक होते, कुंभार्ली घाटात आयुष्य गेलं. ते म्हणतात, "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर, ब्रेक म्हणजे गाडी थांबवायला, उतरवायला नव्हे." पण ऑटोमॅटिक गाडीत हे करायचं कसं, यावर त्यांच्याकडे उत्तर नाही. आणि गाडी मीच चालवणार आहे. नवऱ्याचं भारतीय लायसन्स इथे सहा महिन्यांनंतर चालेनासं झालं आणि त्याची प्रॅक्टिकल परीक्षा अजून व्हायचीय.

बाकी प्रश्न थोडक्यात. गाडी उन्हाळी टायरवर येणार आहे, ऑक्टोबरात ते चालतील का? ऑस्ट्रियाचा व्हिन्येट (महामार्ग वापरायचा टोल-परवाना) गाडी हातात यायच्या आधी घेता येतो का? बाबांना थोडा वेळ तरी चालवायला देता येईल का? त्यांच्याकडे भारतीय लायसन्स आहे, आंतरराष्ट्रीय परवानाही काढायला सांगितलाय. आईला गाडी लागते, त्यावर काय उपाय? आणि आईचाच प्रश्न, तो मी विचारणार नव्हते: त्या काचेच्या हॉलमध्ये नारळ फोडू देतात का?

~

म्युनिकची सून:

अभिनंदन! नारळाचं आधी सांगते. आत फोडू नका, लख्ख फरशी आहे आणि आजूबाजूला बाकीच्या लोकांच्या कोऱ्या गाड्या. आम्ही गाडी घेतली तेव्हा झेंडूचा हार (घरी ओवलेला) आणि सुकं हळदीकुंकू नेलं होतं, कोणी अडवलं नाही. कुंकू ओलं करून लावू नका, गाडी पांढरी असेल तर डाग राहतो. लिंबं चाकाखाली ठेवायची असतील तर बाहेर पडल्यावर पहिल्या थांब्यावर ठेवा.

सोहळा मात्र छान असतो. जिन्यावरून खाली उतरताना आपली गाडी फिरत्या तबकडीवर दिव्यांखाली दिसते. आईबाबांना आधी उतरू द्या आणि तुम्ही मागून फोटो काढा. सगळं समजावून सांगायला माणूस असतो, त्याला घाई करू देऊ नका. उतारावर गिअर कसा खाली घ्यायचा हे तिथेच, त्याच्यासमोर करून बघा. समोरचं संग्रहालय आईबाबांना दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी जा. गाडी मिळाल्यावर कुणालाच त्यात रस राहत नाही.

~

इन्सब्रुककर:

ताई, तुमचा मार्ग चांगला आहे, फक्त दिशा उलटी आहे. तो उलटा फिरवा म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

म्युनिकहून टेगर्नझे, आखेनझे करत इन नदीच्या खोऱ्यात उतरा. रस्ता वळणावळणाचा पण सौम्य, गावं आली की वेग कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. नव्या ब्रेकला असंच काम हवं असतं. मग इन्सब्रुक, ब्रेनर. ब्रेनर खिंड १,३७० मीटर, म्हणजे साधारण महाबळेश्वर. पुढे इटलीच्या महामार्गाने कियुझापर्यंत आणि तिथून वाल गार्डेना. तिथे दोन-तीन रात्री मुक्काम ठेवा. सेला, गार्डेना, पोर्दोई या खिंडी एकमेकींना लागून आहेत, २,१०० ते २,२५० मीटरच्या दरम्यान. हवा बघून एकेक करा. मग कोर्टिना, तोब्लाख, लिएन्झ. तोवर तुमचे पाचशे किलोमीटर सहज होऊन गेलेले असतील.

आणि आता खरा फायदा. लिएन्झला पोचाल त्या दिवशी सकाळी ग्रॉसग्लॉकनर उघडा आहे का ते बघा. तो रस्ता मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालू असतो, रात्री बंद, आणि मध्येच बर्फ पडलं तर दिवसाही बंद ठेवतात. उघडा असेल तर हायलिगेनब्लुटकडून चढा. बंद असेल तर फेल्बरटाउअर्न बोगद्यातून मिटरझिलला निघा. बोगदा सव्वापाच किलोमीटरचा, टोल आहे, पण बारा महिने चालू. दोन्ही वाटांनी तुम्ही डोंगराच्या पलीकडे पोचताच. तुमच्या मूळ आराखड्यात ग्लॉकनर दुसऱ्याच दिवशी होता. तिथे बर्फ निघालं असतं तर पुढची सगळी हॉटेलं विस्कटली असती.

ग्लॉकनरचा टोल चाळीस युरोच्या वर आहे, हे ऐकून बाबा चिडतील. त्यांना सांगा, ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, १९३५ साली उघडलेला रस्ता, आणि होखटोर खिंडीत २,५०४ मीटर. कळसूबाईपेक्षा साडेआठशे मीटरने उंच. फाटा घेऊन कायझर-फ्रान्झ-योझेफ्स-होअं या जागी नक्की जा. समोर ग्रॉसग्लॉकनरचं शिखर आणि खाली पास्टर्झं हिमनदी, आता बरीच आटलेली. एडेलवाइसश्पिट्झंचा फाटा मात्र फरसबंदीचा आणि अरुंद आहे, ओलं असेल तर सोडून द्या.

आता ब्रेक. बाबांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. नव्या ब्रेकचा प्रश्न हा की पकड एकसारखी नसते आणि तापायला लवकर तापतात. उतारावर पाय ब्रेकवर टेकवून ठेवला तर पॅड तापतात, आणि तापलेला ब्रेक दाबला तरी हवा तसा लागत नाही. वळणाआधी नीट दाबा, वेग कमी करा, सोडा. मधल्या वेळात गाडी इंजिनावर धरा. त्यासाठी स्टिअरिंगमागच्या पॅडलने, नसतील तर गिअरच्या बटणाने खालचा गिअर घ्या. इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर गुरगुरेल, घाबरू नका. तुमच्या ४,५०० च्या आत आहे ते. उलट नव्या इंजिनाला एकाच वेगाने तासन्‌तास महामार्गावर पळवण्यापेक्षा हे बरं.

टायरवर मात्र वाद घालू नका. हिवाळी टायर लावूनच गाडी ताब्यात घ्या, किंवा निदान चारही ऋतूंचे, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले. ऑस्ट्रियात सक्तीचा काळ १ नोव्हेंबरपासून, पण बर्फाला ते माहीत नसतं. जर्मनीत तर तारीखच नाही, रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा ते टायर हवेत. विक्रेत्याला आजच फोन करा.

~

कागदी घोडा:

ऑनलाइन व्हिन्येट नंबरप्लेटला जोडलेला असतो, म्हणून आधी नंबर हवा. पसंतीचा नंबर राखून ठेवलात तरी नोंदणी पक्की झाल्याशिवाय व्हिन्येट घेऊ नका. एक अंक चुकला तर पैसे वाया आणि वर दंड. दहा दिवसांचा ऑनलाइन घेतला तर लगेच लागू होतो. वर्षाचा घेतलात तर ग्राहकाला खरेदीनंतर अठराव्या दिवसापासून लागू होतो, त्यात बरेच लोक फसतात. ब्रेनरच्या महामार्गाला व्हिन्येट चालत नाही, तिथे वेगळा टोल. त्यावरच्या लूएग पुलाचं काम चालू आहे आणि बऱ्याच दिवशी एकच मार्गिका असते, तेव्हा शनिवार-रविवार टाळा.

ऑनलाइन नोंदणी करून छापलेल्या कागदावर दहा दिवस गाडी चालवता येते, पण ती सोय जर्मनीपुरती. तुम्ही सीमा ओलांडणार, तेव्हा शिक्के लावलेल्या प्लेट आणि नोंदणीपत्राचा पहिला भाग हातात हवा. दुसरा भाग कर्ज असेल तर बँकेकडे जातो, त्याची वाट बघू नका. आईबाबांचे पासपोर्ट गाडीत ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नव्हे. परतताना जर्मन सीमेवर तपासणी असते.

बाबांचं: लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना असेल तर पाहुणा म्हणून ते चालवू शकतात. पण विमा पॉलिसीत कोण कोण चालवणार ते लिहिलेलं असतं. विमावाल्यांना कळवून त्यांचं नाव तेवढ्या दिवसांपुरतं घालून घ्या आणि उत्तर लेखी मागा.

~

भटक्या:

एवढं सगळं करण्यापेक्षा पहिली तारीख घ्या की. सप्टेंबरअखेर हवा स्वच्छ, रस्ते कोरडे, दिवस मोठा. पितरांना गाडीचं काय वावडं असणार!

~

म्युनिकची सून:

भटक्या, त्यांच्या आईला तुम्ही समजावा मग. :) ऑक्टोबरातही मजा आहे. लार्चची झाडं पिवळीधमक झालेली असतात आणि साउथ टिरोलमध्ये भाजलेल्या चेस्टनटचे दिवस. फक्त डोलोमाइट्समध्ये त्या सुमारास बरीच हॉटेलं आणि रोपवे बंद होतात, तेव्हा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट आधीच घ्या. कुकर न्या. आईंना पुढे बसवा, नजर लांब रस्त्यावर, पोट अगदी रिकामं नको, आणि आलेपाक जवळ ठेवा. मोबाइलवर फोटो बघायला मात्र चालत्या गाडीत देऊ नका, निम्म्या वेळा त्यानेच मळमळतं.

~

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. इन्सब्रुककर, मार्ग उलटा केला. हे आम्हाला का सुचलं नाही यावर घरात चर्चा चालू आहे, बाबा म्हणतात ते हेच सांगणार होते. विक्रेत्याशी बोलले, हिवाळी टायर लावून देतील, उन्हाळी संच इथल्या शोरूमला येईल. विमावाल्यांनी बाबांचं नाव घालायला होकार दिलाय, लेखी यायचंय. तोब्लाखच्या आसपास सपाट रस्ता आहे तिथे त्यांना तासभर देईन, घाटात नाही. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

भटक्या, आईला तुमचा निरोप दिला. तिने उत्तरादाखल तुमचं गोत्र विचारलंय.

आता शेवटचं. टायर झाले तरी चाकांना लावायच्या बर्फाच्या एक जोडी साखळ्या बरोबर असाव्यात असं वाटतं. एका सहलीसाठी विकत घ्यायच्या जिवावर येतंय. न्यूर्नबर्ग, फ्युर्थ, एर्लांगन भागात कुणाकडे १८ इंची चाकांना बसतील अशा पडून असतील तर आठवडाभर उसन्या मिळतील का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन घेऊन जाईन. परत देताना चिपळूणचं आंबापोळीचं पाकीट सोबत येईल.