मे महिन्यात कारंजा ते पुणे, १२५ सीसीवर डबलसीट: ऊन, झोप आणि हाताला मुंग्या

लाडाचं_कारंजा

राम राम मंडळी. मे च्या दुसऱ्या आठवड्यात कारंजा (लाड) ते पुणे बाईकनं जायचं आहे. १२५ सीसी गाडी, मागे मित्र, दोघांत मिळून एक बॅग. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून जुनाच रस्ता धरणार: शेलुबाजार, मालेगाव (वाशिमचं), मेहकर, सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर. अंदाजे ५०० किलोमीटर होतील. ऊन टाळायला रात्री ९ ला निघू, सकाळी पुण्यात, असं मित्राचं म्हणणं. मला रात्रीचं पटत नाही, पण दिवसा ४३-४४ डिग्रीत कसं निभवायचं? आणखी दोन अडचणी: शंभरेक किलोमीटरनंतर हाताला मुंग्या येतात आणि जेवण झालं की डोळे जड होतात.

रात्रपाळी_नको

रात्रीचा बेत सोडाच. ऊन टळेल, पण दिवसभर जागून ९ ला निघालात तर पहाटे ३ च्या आसपास तुम्ही संभाजीनगरच्या पुढे ट्रकांच्या रांगेत असाल. पहाटे २ ते ५ हा झोपेचा जोर सगळ्यात जास्त असण्याचा वेळ. त्या वेळी डुलकी लागली हेच माणसाला समजत नाही. डोळे उघडे असतात, डोकं तीन सेकंद बंद. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, म्हणजे ५० मीटर रस्ता कोणीही न बघता गेला. त्यात रोही (नीलगाय) आणि रानडुकरं. एक रोही आडवी गेली की लगेच गाडी दामटू नका, मागून दुसरी येतेच. बिनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या तर तुम्हाला माहीतच आहेत.

माझ्या मते हे दोन दिवसांचं काम आहे. आदल्या रात्री ९ ला झोपा, ५ ला निघा, पावणेसहापर्यंत उजाडतं. ५०-५५ चा सरासरी वेग धरून साडेसातच्या आत मेहकर, साडेनऊला जालना, ११ पर्यंत संभाजीनगर. तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा ५ ला निघा, साडेदहाला पुणे. दोन्ही दिवस भर दुपारी तुम्ही छताखाली. पहिल्याच दिवशी आणखी पुढे जायचं असेल तर ११ ते साडेचार थांबा आणि अहिल्यानगरला रात्र काढा. तिथून पुढे अंधारात ओढू नका.

थांबायचं ते दर ७५-९० मिनिटांनी. थकवा जाणवल्यावर थांबू असं ठरवू नका, कारण थकलेल्या डोक्याला स्वतःचा थकवा मोजता येत नाही. ही लक्षणं बघा: गिअर चुकतो, इंडिकेटर चालूच राहतो, वेग आपोआप ४५-६५ करत राहतो, आत्ता कोणतं गाव गेलं ते आठवत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावा. हेल्मेटची काच उघडून वारा घेणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यानं दहा मिनिटं निघतात, झोप जात नाही.

खरा उपाय म्हणजे १५-२० मिनिटांची डुलकी. आधी चहा-कॉफी घ्या आणि लगेच आडवे व्हा. कॅफिन लागू पडायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर झोपही झालेली असते. अलार्म लावा. पाऊण तास झोपलात तर उठल्यावर डोकं जास्तच जड. उठल्यावर पाच मिनिटं चाला, मग चावी लावा.

जेवणाचं: सकाळी तर्रीपोहे ठीक, पण अर्धी प्लेट. रस्त्यात केळी, फुटाणे, शेंगदाणे. झणझणीत सावजी जेवण मुक्कामाला पोचल्यावर खा. सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी, म्हणजे सेट्रिझिन किंवा क्लोरफेनिरामाइन, निघण्याच्या आदल्या रात्रीपासून बंद. अनेकांना त्यानं चांगलीच गुंगी येते. आणि खर्रा. तंबाखूनं तरतरी आल्यासारखी वाटते तेवढीच, वर थुंकायला काच उघडून मान वळवायची. डबलसीट गाडीवर हे कायले पाहिजे?

उन्हाळी_बाईकर

वरचं वेळापत्रक बरोबर आहे, उन्हाचं मी सांगतो. हवा चाळिशीच्या वर गेली की वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. म्हणून टी-शर्टवर गाडी चालवणं म्हणजे भट्टीसमोर पंखा लावून बसणं. अंग पूर्ण झाका. आतली सुती बनियन आणि शर्टाचा पुढचा भाग ओला करा, वर जॅकेट किंवा जाड फुलबाह्या, चेन जवळजवळ पूर्ण लावलेली, फक्त गळा आणि मनगट थोडं मोकळं. अर्धा-पाऊण तासात वाळतं, पुढच्या थांब्याला परत भिजवा. दुपट्टा ओला करून मानेला गुंडाळा, पण दोन्ही टोकं जॅकेटच्या आत. मागे लोंबणारं टोक गाडीच्या चेनमध्ये गेलं तर माणूस खेचला जातो.

पाणी तासाला अर्धा लिटर, थोडं थोडं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्ध्या बाटलीत टाकून घट्ट केलं तर मळमळतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद झाली की पाणी कमी पडतंय.

माणूस अडखळत बोलायला लागला, झोकांड्या देतोय, अंग तापलंय, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

वऱ्हाडी_पाना

मुंग्यायचं मी सांगतो. पहिलं कारण मूठ. हँडल आवळून धरसान तर मुंग्या येतीनच ना भाऊ! दुसरं, लिव्हरचा कोन. सीटवर बसून हात सरळ ठेवा, बोटं अन् कोपर एका रेषेत आले पायजे. बहुतेक गाड्यायचे लिव्हर वर राह्यतात, मनगट मुडपते. क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून लिव्हर जरासे खाली फिरवा अन् परत कसा. मंग हँडल दोन्हीकडे पुरं वळवून पाहा, केबल अन् ब्रेकचा पाइप तानला नाई पायजे.

तिसरं व्हायब्रेशन. १२५ वर ७०-७५ च्या वर गाडी झिणझिणते, ५५-६० वर ठेवा. तरी जास्त वाटलं तं इंजिन माउंटिंगचे बोल्ट तपासा अन् चेन पाहा. चेनले साधारण २०-३० मिलिमीटर ढील पायजे, बरोबर आकडा गाडीच्या पुस्तकात. घट्ट चेन दोघं बसले का आखीन तनते, स्प्रॉकेट अन् बेअरिंग खाते. हवा प्रवासाले निघायच्या आधी थंड टायरात भरा, डबलसीटचा आकडा स्टिकरवर पाहून. दुपारी गरम टायरात आकडा वाढलेला दिसन, तवा हवा सोडू नका.

कानात फोमचे बोळे घाला. हेल्मेटमंधला वारा दिवसभर कानावर आपटते, त्यानं डोकं लवकर थकते.

लाडाचं_कारंजा

दोन दिवसांचं ठरवलं. एकच: मित्र मागे बसल्या बसल्या झोपतो. त्याला लायसन आहे, आळीपाळीनं चालवलं तर?

रात्रपाळी_नको

आळीपाळी चालेल, पण रात्री तोही झोपलेला असेल तरच. दोघं सारखेच जागलेले असतील तर अदलाबदलीचा उपयोग नाही. मागचा झोपला की त्याचे गुडघे सैल पडतात, वजन एका बाजूला जातं आणि वळणावर गाडी ओढते. म्हणून त्याला काम द्या: पुढचा थांबा किती किलोमीटरवर, पाणी कधी, हे त्यानं सांगायचं. त्याच्या बोलण्याला तुमचं उत्तर दोनदा उशिरा आलं तर गाडी थांबवायचा अधिकार त्याचा. तो स्वतः पेंगायला लागला तर दोघंही उतरा. बॅग त्याच्या पाठीवर देऊ नका, खांदे लवकर भरतात. मागच्या कॅरिअरला पट्ट्यानं बांधा, पट्ट्याचं उरलेलं टोक बॅगखाली खोचा. हेल्मेट दोघांनाही, आयएसआयचंच, आणि हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जेमतेम जातील एवढा घट्ट.