चार एकर विकून पायलट व्हायचंय? आधी मेडिकल तरी द्या

मांजरापट्टा:
काल एका भावानं इथं लिहिलं. वय ३१, मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला नोकरी. आता राजीनामा टाकून पायलट होणार. पैशासाठी निलंग्याकडची चार एकर बागायत विकायची. घरचे आडवे येतात म्हणून त्यांना त्यानं खेकडे म्हटलं, आणि शेवटी लिहिलं, "बहिणींच्या सह्या होतील, तो प्रश्न नाही." खाली अभिनंदनाची रांग लागली. एकानंही विचारलं नाही, बाबा, तुझं मेडिकल झालंय का?

मला याचा राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी सगळी नोकरी लातूर जिल्ह्यात बँकेच्या कर्ज विभागात गेली. पायलट होऊ नको, असं मी कुणालाच म्हणत नाही. ३१ वयही आड येत नाही. माझं म्हणणं एवढंच की जमीन सगळ्यात शेवटी. हा भाऊ तिच्यापासूनच सुरुवात करतोय.

आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची पहिली वैद्यकीय तपासणी, मग त्यापेक्षा कडक क्लास वन. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात दोष निघाला किंवा हृदयाचं काही निघालं तर तिथंच थांबावं लागू शकतं. मग बोर्डाकडून बारावीची पडताळणी करून डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाचा, परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर. मग पेपर: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के लागतात. विमानातून रेडिओवर बोलायचा परवाना, आरटीआर, वेगळा. हे सगळं नोकरी करत, रात्री अभ्यास करून होतं आणि लाख-दोन लाखांत बसतं. इथपर्यंत जो पोचत नाही त्याची जमीन तरी वाचते.

आता कर्जाचं. तारण न घेता हमी योजनेत शैक्षणिक कर्ज मिळतं ते साडेसात लाखांपर्यंत. त्यापुढं बँक घर मागते, एनए (बिगरशेती) प्लॉट मागते. शेतजमीन कामून घेत नाहीत म्हणून लोक मॅनेजरला शिव्या घालतात. पण थकीत कर्जाचं तारण बँकेला जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज बुडालं तर त्या कायद्यानं बँकेला ती जप्त करता येत नाही. त्यात आपल्याकडं इनामाच्या, मदतमाशाच्या (निजामकाळी चरितार्थासाठी दिलेल्या) किती जमिनी अजून वर्ग दोनमध्ये, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, पडून आहेत! नजराणा भरा, परवानगी घ्या. म्हणून शेतकऱ्याचं पोरगं एक तर वावर विकतं, नाही तर महिन्याला शेकडा तीननं खासगी पैसा उचलतं. २० लाखांवर महिन्याला ६० हजार नुसतं व्याज. असं बुडालेलं घर मी जवळून पाहिलंय.

चाकणवाला:
काका, ती पोस्ट माझीच. बँकेत बसून तुम्ही आयुष्यभर लोकांना नाही म्हणालात, इथंही तेच चालू आहे.

पायलटला ६५ पर्यंत उडता येतं. ३४ व्या वर्षी कॉकपिटमध्ये बसलो तरी ३१ वर्षं हातात आहेत. २०२३ मध्ये इंडिगोनं ५०० विमानं मागवली, एअर इंडियानं ४७०. ती उडवायला माणसं लागणारच.

आणि जमीन, जमीन काय लावलंय? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आडतीवर काय मिळाला ते लातूरच्या माणसाला मी सांगायचं का? बापानं त्या चार एकरांत जन्म घातला, हातात काय आलं? लातुरात पोराच्या खासगी मेडिकल सीटसाठी कुणी वावर विकलं तर गाव त्याला कर्तबगार म्हणतं. नीटचे अटेम्प्टवर अटेम्प्ट देणाऱ्या पोराच्या क्लासला आणि मेसला घर उपाशी राहून पैसे भरतं, तेव्हा कुणी धागा काढत नाही. मी विमान म्हटलं की सगळ्यांना सातबारा आठवतो.

उदगीरकर:
डॉक्टर घरी बसत नाही भाऊ. गावात दवाखाना टाकला तरी चार पेशंट येतात. विमान काय अंगणात उभं करणार?

माझ्या मावसभावाचं सांगतो. परदेशात जाऊन लायसन्स काढलं. आल्यावर ते लायसन्स भारतीय करून घ्यायचे, कन्व्हर्जनचे पेपर, पुन्हा फ्लाइंग चेक. सगळं पार पडलं आणि २०१२ ला किंगफिशर बंद पडली. अनुभवी पायलट रस्त्यावर आले, जेमतेम २०० तास उडालेल्या नव्या पायलटला कोण विचारतं? लायसन्स चालू ठेवायचं तर ठरावीक मुदतीत काही तास उडावं लागतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडायची परवानगी) ताजं ठेवावं लागतं, मेडिकल दर वर्षी. नोकरी नसताना तो हा खर्च करत राहिला. मावशीचे दागिने त्यातच गेले. आज त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. पुढं २०१९ ला जेट गेली, २०२३ ला गो फर्स्ट. मागवलेली विमानं कागदावर असतात, हप्ता खिशातून जातो.

लेकीचा बाप, नांदेड:
माझी मुलगी आज एअरबसवर फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो. तिनं गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर प्रशिक्षण घेतलं. मी शहरातला प्लॉट आणि घर तारण ठेवलं. शेताला हात लावला नाही.

मांजरापट्टा यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. अकादमी सांगते तो आकडा कधीच शेवटचा नसतो. राहणं, खाणं, परीक्षा, राहून गेलेलं फ्लाइंग, हे सगळं वरून. पावसाळ्यात ढग खाली आले की लहान विमानं जमिनीवरच. ३०० नॉटिकल मैलांचं क्रॉस-कंट्री, म्हणजे लायसन्ससाठी लागणारं लांब पल्ल्याचं उड्डाण, पुढं ढकललं जातं आणि पोरं हॉस्टेलवर बसून मेसचं बिल भरतात. दीड वर्षाचा कोर्स अडीच-तीन वर्षांवर जातो. तेवढ्यात कर्जाचं व्याज चढतं. लायसन्सनंतर टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचं मोठं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे, १५-२० लाख वेगळेच. सगळं धरून ७०-८० लाखांची तयारी ठेवा. एकरकमी फी तर कुणालाही, कधीही भरू नका. जेवढं उडाल तेवढे पैसे, हे लेखी घ्या.

आणि एक सल आहे. गोंदियात, बारामतीत, जळगावात प्रशिक्षण चालतं. शेजारी कलबुर्गीच्या विमानतळाला केंद्र मिळालं. लातूरची धावपट्टी आमच्या उशाशी असून आमच्या लेकरांनी विदर्भ गाठायचा? यावर मराठवाड्यातला एकही पुढारी तोंड उघडत नाही.

धाकटी:
सगळे विमानावर बोलताय. मला मूळ पोस्टमधलं ते एक वाक्य टोचलं: "बहिणींच्या सह्या होतील, तो प्रश्न नाही." मुख्य प्रश्न तोच आहे. चार एकर वडिलोपार्जित असेल तर त्यात बहिणींचा वाटा आहे. ती एकट्याची पुंजी नाही. दादा, बहिणींना विचारलं का, की फक्त निबंधक कार्यालयात यायची तारीख कळवलीस?

सातबारा:
ताई, विषय पायलटचा आहे, तो कुठं नेता? बहिणींची लग्नं काय फुकट झाली? हुंडा, मानपान, आंदण, बाळंतपणं, सगळं त्याच जमिनीतून झालं. आमच्याकडं बहीण आनंदानं सही देते, कारण तिला माहेर हवं असतं. हिशेब मागायला लागल्या की दिवाळीला बोलावणार कोण?

धाकटी:
नेमकी हीच धमकी. माहेर हवं तर सही कर.

महाराष्ट्रात १९९४ पासून कायदा आहे, देशात २००५ पासून. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता याचा संबंध नाही. तरी आपल्याकडं बहिणीला नवी साडी नेसवून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात.

मी सही केली होती. भावाला धंदा टाकायचा होता, दोन वर्षांत तुझं देतो म्हणाला. धंदा बसला. माझ्या नवऱ्याचा अपघात झाला तेव्हा दवाखान्यात भरायला पैसे नव्हते आणि भाऊ म्हणाला, तू तर हक्क सोडलास. लग्नात दिलेल्या भांड्यांची यादी मला ऐकवली. सातबारा भाऊ, भावाच्या लग्नात कुणी खर्च मोजतं का? त्याच्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगची फी कुठून गेली, ते वाटणीत धरतात का?

सातबारा:
तुमच्या घरातलं भांडण सगळ्यांवर लादू नका. माझ्या बहिणींनी सह्या दिल्या, मी आजपर्यंत त्यांच्या पोरांची शिक्षणं बघतो. असेही भाऊ आहेत. तुम्ही सगळ्यांना चोर ठरवता.

परभणीची वकील:
बघता आहात तर चांगलंच आहे. पण उद्या तुम्ही नसाल तेव्हा तुमची मुलं बघतील का, हे कुठं लिहिलंय? माझ्याकडं येणाऱ्या बायका भावाला तुरुंगात टाका म्हणत नाहीत. माझं नाव राहू द्या, एवढंच म्हणतात. नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्यावर ते फिरवणं फार अवघड जातं. म्हणून सहीआधी बोला.

चाकणवाला:
माझ्या बहिणींचा विषय इथं कुणी काढायचा नाही. दोघींचा पाठिंबा आहे मला. फोनवर मोठी म्हणाली, तू मोठा हो, आम्हाला काही नको. आता यावरही तुम्ही माझ्यावर खटला चालवणार का?

धाकटी:
मीही तेच म्हणाले होते. अगदी हेच शब्द.

फर्स्ट ऑफिसर, मूळ बीडचा:
उशिरा आलो, ड्युटी होती. तिशी ओलांडून या क्षेत्रात आलेले माझ्या ओळखीत आहेत, तेव्हा चाकणवाल्या भावाला वेड्यात काढू नका. पण विमानांच्या ऑर्डरी मोजून नोकरी मोजू नकोस. ती विमानं येणार कित्येक वर्षांत, आणि लायसन्स घेणारा तू एकटा नाहीस. २०२३ मध्ये डीजीसीएनं १,६२२ सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचे परवाने, दिले. कंपनीला जास्त गरज कॅप्टनची असते. त्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो, म्हणजे १,५०० तास. तुझ्याकडं २०० असतील. विमान कंपन्यांच्या काही कॅडेट (प्रशिक्षणार्थी भरती) योजनांची वयोमर्यादा तिशीच्या आसपासच असते, ती आजच तपास.

नोकरी लागली की सुटलो, असंही नाही. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ करा, रात्रीची लँडिंग कमी करा, यासाठी पायलट संघटनांना कोर्टात जावं लागलं. ते नियम नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळांवर झोपले. थकव्यामुळं केलेली ही मागणी खरी होती. रात्री दोनला उठून उडायचं, हे विशीत सोपं जातं. चाळिशीत, घरी लहान लेकरू असताना काय होतं ते मी रोज बघतो.

मेडिकलबद्दल मांजरापट्टा काका शंभर टक्के बरोबर. माझ्यासोबतचा एक मुलगा १२० तास उडून क्लास वनमध्ये अडकला, कारण त्यानं ते शेवटी ठेवलं होतं. भरलेल्या फीपैकी फार थोडं परत मिळालं.

आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त घरांतल्या नव्या मुलांनी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेची पायलट प्रशिक्षण योजना बघावी. नागपूर फ्लाइंग क्लबमधून ती राबवली गेली. जमीन विकायच्या आधी अशी दारं ठोठवायला हवीत, पण गावात ती कुणी सांगत नाही.

मांजरापट्टा:
चाकणवाल्या भावाला एवढं मान्य करतो की मेडिकल सीटला एक न्याय आणि विमानाला दुसरा, हे चूक आहे. लातुरात क्लासवाल्यांच्या घशात गेलेल्या एकरांचाही धागा निघायला हवा. सोयाबीनचं दुखणंही खरं.

पण हप्त्याचं गणित तरीही बदलत नाही. ६० लाख, ११ टक्के, दहा वर्षं. महिन्याला साधारण ८२-८३ हजार. तेही शिकत असतानाचं व्याज मुद्दलात न धरता. हे पैसे उद्या नोकरी लागली नाही तर कोण भरणार, याचं उत्तर तुझ्या पोस्टमध्ये नव्हतं. धाकटी ताईंनी काढलेला मुद्दा मी माझ्या लेखात घ्यायला हवा होता, असं काही जण म्हणतील. माझं मत, तो याच मुद्द्याचा भाग आहे. धोका कुणाच्या मालमत्तेवर घेतोस, हे कर्ज देताना बँक पहिल्यांदा विचारते.

चाकणवाला:
ठीक. राजीनामा तूर्त देत नाही. या महिन्यात क्लास टू देतो आणि पेपरांना बसतो. हे तुमच्या सांगण्यावरून करत नाही. बीडच्या दादांनी १२० तासवाल्याचं सांगितलं, ते मनाला लागलं. पेपर सुटेपर्यंत जमिनीचा व्यवहार होणार नाही.

खेकडे हा शब्द मात्र मागे घेणार नाही. तो तुमच्यासाठी नव्हताच. ज्यांनी कधी मेडिकलचं विचारलं नाही, फक्त 'आपल्यात कुणी असलं केलंय का' म्हटलं, त्यांच्यासाठी होता.

धाकटी:
आणि बहिणी?

चाकणवाला:
विकायची वेळ आली तर तिघांचे तीन हिस्से करीन. त्यांचे पैसे मी वापरले तर कर्ज म्हणून स्टॅम्पवर लिहून देईन. झालं समाधान?

परभणीची वकील:
त्यात परतफेडीची मुदत घाला. आणि हक्कसोडपत्र करायचंच असेल तर मोबदला लिहूनच करा.

सातबारा:
बहीण-भावात स्टॅम्प पेपर. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. पण ज्याचं त्यानं बघावं.

लेकीचा बाप, नांदेड:
भाऊ, क्लास टूसाठी डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. कुठल्याही एजंटाला पैसे देऊ नका. मुलीच्या वेळचे नेव्हिगेशनचे आणि हवामानशास्त्राचे नोट्स माझ्याकडं पडून आहेत. नांदेडला आलात तर घेऊन जा.