'इलेक्ट्रॉनस्नेही'मधला स्नेही कोण?

प्रश्न : दारव्ह्याजवळच्या एका गावात मी दहावीला विज्ञान शिकवतो. मराठीतून दहावी झालेली पोरं अकरावीत 'इलेक्ट्रोफिलिक ॲडिशन'पाशी अडतात आणि माझ्याकडे येतात. 'ॲडिशन' म्हणजे आपलं 'समावेशन', रेणूत नवे अणू जोडले जाणं, तिथे अडचण नाही. पण 'इलेक्ट्रोफिलिक'साठी 'इलेक्ट्रॉनस्नेही' म्हटलं, की याच्याजवळ इलेक्ट्रॉन भरपूर असणार असं त्यांना वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : सर, शब्द चांगला आहे, ठेवाच. लग्नपत्रिकेतले 'स्नेही' आधीच आपले असतात, म्हणून पोरांचा घोळ होतो. इथला स्नेही म्हणजे ओढ असलेला, आणि ओढ आहे ती इलेक्ट्रॉनांच्या उणिवेपोटी. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी १९३३ मध्ये याचा मूळ इंग्रजी शब्द आणला. त्याआधी 'कॅटायनॉइड' म्हणायचे, म्हणजे धन आयनासारखा. त्या शब्दात ही ओढ नव्हती.

जवसाच्या तेलात टिंक्चर आयोडीनचे चार थेंब टाकून परीक्षानळी हलवा. रंग फिका पडत जातो. (आमच्याकडे एक पोरगी ओरडली होती, "सर, तेल रंग पेऊन गेलं!") जवसात दुहेरी बंध (दोन कार्बन अणूंमधली दुपदरी जोड) भरपूर, वनस्पती तुपात ते कमी, म्हणून तिथे रंग टिकतो. गंमत म्हणजे संस्कृतात 'स्नेह' म्हणजे तेलही, पण या नळीत स्नेही आहे आयोडीन! दुहेरी बंधाजवळ आलं, की त्याचा अलीकडचा अणू किंचित धन होतो आणि तिथल्या इलेक्ट्रॉनांकडे ओढला जातो.

'बंध तुटतो' हे मात्र टाळा. पोरं साखळीच तोडतात. अंबाडीचा दुपदरी दोर हातात द्या, एक पदर उकलायला सांगा. दुसऱ्या पदराने दोर धरलेलाच राहतो आणि मोकळ्या टोकांना दोन नवे अणू बांधले जातात. 'तुटतो'पेक्षा 'उकलतो' हेच खरं क्रियापद.

प्रोपीनवर (तीन कार्बन, एक दुहेरी बंध) हायड्रोजन ब्रोमाइड घेताना रशियन रसायनशास्त्रज्ञ मार्कोव्हनिकोव्ह यांचा १८७० चा नियम येईल : दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनवर हायड्रोजन आधीच जास्त, नवा हायड्रोजनही तिथेच. ब्रोमीन शेजारच्या कार्बनवर.

प्रश्नकर्ता : आज दोर नेला होता. 'उकलतो' लगेच पटलं. पण एकाने विचारलं, "सर, आयोडीन स्नेही, तर मग तेल कोण?"

उत्तर : तेलातला दुहेरी बंध इलेक्ट्रॉन देणारा, म्हणून तो केंद्रकस्नेही, म्हणजे अणूच्या धन केंद्रकाची ओढ असलेला. त्या पोराला सांगा, जोडीतला दुसरा शब्द त्यानेच शोधला.