विमानातील सर्व्हिस डॉग: खरे, खोटे आणि तुमचे अनुभव

धागाकर्ता (वणी तालुका):

आमच्या भागात विमानप्रवास आता नवलाचा राहिलेला नाही. मुले हैदराबादला, पुण्याला किंवा थेट टेक्सासला नोकरीला गेली, की कापसाचे चुकारे हाती आल्यावर आईवडीलही नागपूरहून विमानात बसतात आणि परतल्यावर पारावर त्या प्रवासाच्या गोष्टी रंगतात. अलीकडे या गोष्टींमध्ये एक कुत्रे हमखास येते. त्याच्या अंगात लाल जॅकेट असते, जॅकेटवर ‘सर्व्हिस डॉग’ (अपंगांना मदत करायला शिकवलेला सहाय्यक कुत्रा) अशी अक्षरे असतात, आणि वागणे मात्र आठवडी बाजारात सुटलेल्या कुत्र्यासारखे असते.

पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने विमान कंपन्यांना अपंग प्रवाशांशी भेदभाव करण्यास मनाई केली. त्याखालील नियमांनुसार प्रशिक्षित सहाय्यक प्राणी केबिनमध्ये विनाशुल्क नेता येत असे, आणि पुढे मानसिक आधारासाठी पाळलेल्या, कसलेही प्रशिक्षण नसलेल्या प्राण्यांनाही डॉक्टरांच्या पत्रावर तीच सवलत मिळू लागली. साध्या पाळीव कुत्र्यासाठी एका फेरीचे शंभर ते दीडशे डॉलर पडत असताना एका पत्राने ते वाचत असतील, तर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. जानेवारी 2018 मध्ये न्यूअर्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आली होती. कंपनीने तिला नकार दिला. अखेर 11 जानेवारी 2021 पासून तेथील परिवहन खात्याचा नवा नियम लागू झाला. आता सहाय्यक प्राणी म्हणजे केवळ कुत्रा, आणि तोही अपंगत्वाशी निगडित एखादे ठरावीक काम शिकलेला. भावनिक आधाराचे प्राणी विनाशुल्क नेण्याचे बंधन कंपन्यांवर उरले नाही. मात्र कुत्र्याचे प्रशिक्षण झाले आहे, हे प्रवासी स्वतःच अर्जावर लिहून देतो आणि मालकाने घरी शिकवलेला कुत्राही चालतो. मोर गेला, जॅकेट राहिले.

आपण स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ नकोत, ही विनंती.

दारव्हा तालुक्यातून, गृहिणी:

मुलाकडे गेलो होतो, तेव्हा अमेरिकेतल्या अमेरिकेत एक विमानप्रवास झाला. आमच्या रांगेत खिडकीपाशी बसलेल्या तरुणाच्या मांडीवर जॅकेट घातलेले कुत्रे होते. विमान हलले, तसे ते भुंकू लागले. खाणे आले, तेव्हा त्याने माझ्या ट्रेमध्ये तोंड घातले आणि मालक नुसता हसला. हवाई सुंदरीने त्याला अतिशय नम्रपणे विचारले, की हे कुत्रे नेमके कोणते काम करते. तो म्हणाला, की ते मला शांत ठेवते. तेवढ्यात कुत्रे पुन्हा भुंकले. माझे यजमान आयुष्यभर शेतीत राबलेले, ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, “अवं, हे त्याले शांत ठेवते तं मंग याले कोन ठेवते?” मुलाने नंतर सांगितले, की तेथील कर्मचाऱ्यांना दोनच गोष्टी मोकळेपणाने विचारता येतात: हे कुत्रे अपंगत्वामुळे सोबत लागते का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. तुम्हाला कोणता आजार आहे, असे खोदून विचारता येत नाही. कुत्रे आवरत नसेल, भुंकत किंवा अंगावर धावत असेल, तर मात्र कागद कितीही पक्के असले तरी कंपनी त्याला सहाय्यक म्हणून नाकारू शकते. आमच्या वेळी ते आधीच आकाशात होते.

मोर्शीहून, संगणक अभियंता:

मी अमेरिकेत शिकत असताना माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राने हा उद्योग केलेला मी पाहिला आहे. संकेतस्थळावर जाऊन त्याने आठ-दहा प्रश्नांची उत्तरे भरली, पैसे भरले आणि काही दिवसांत कुत्र्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, एक प्रमाणपत्र व जॅकेट घरपोच आले. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता आणि ‘राष्ट्रीय नोंदणी’ असे शब्द होते. वस्तुस्थिती अशी आहे, की अमेरिकेत सहाय्यक कुत्र्यांची कोणतीही सरकारी नोंदवही नाही, त्यामुळे अशा ओळखपत्राला कायद्यात काडीचीही किंमत नाही. जॅकेट तर कोणीही विकत घेऊ शकतो. उलट, ज्याचा कुत्रा खरोखर शिकलेला असतो त्याच्याजवळ असले ओळखपत्र बहुधा नसतेच.

तरीही मित्राची बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. त्याचे कुत्रे मोठ्या अंगाचे होते. केबिनमध्ये पाळीव प्राणी न्यायचा, तर तो पुढच्या आसनाखाली मावणाऱ्या पिशवीत बसला पाहिजे. मोठ्या कुत्र्याला उरतो तो मालाचा कप्पा, आणि अनेक कंपन्यांनी सर्वसामान्य प्रवाशांच्या कुत्र्यांसाठी तोही बंद केला आहे. आपले जनावर अंधारात, सामानाच्या ढिगाशेजारी तासन्‌तास पडून राहील, ही कल्पना त्याला सहन होत नव्हती. मला त्याची भीती समजते. त्याने निवडलेला मार्ग मात्र पटत नाही. सरळ मार्ग बंद आहे म्हणून दुसऱ्याच्या हक्काच्या दारातून शिरण्याची मुभा मिळत नाही.

वरोऱ्याजवळून, बँक कर्मचारी:

मी जन्मापासून अंध आहे. माझे शिक्षण आनंदवनातील अंध विद्यालयात झाले. मी पांढरी काठी वापरतो. कुत्रा घेऊन हिंडणारा अंध माणूस आपल्या भागात मला भेटलेला नाही, आणि प्रत्येक चौकात मोकाट कुत्र्यांची टोळी असलेल्या आपल्या गावांत ते सोपेही नाही. परंतु अमेरिकेत बहिणीकडे गेलो असताना तेथील एका अंध गृहस्थांशी मैत्री झाली, त्यांच्याबरोबर प्रवास केला, आणि मार्गदर्शक कुत्रा काय असतो हे प्रथमच जवळून अनुभवले.

तो लॅब्राडोर जातीचा होता. अशा कुत्र्याला पिल्लू असल्यापासून एखादे कुटुंब वाढवते, माणसांच्या गर्दीची सवय लावते, आणि मग प्रशिक्षक त्याला कित्येक महिने शिकवतात. सगळे मिळून दीड-दोन वर्षे जातात. पायरी आली की थांबायचे, डोक्याला लागेल अशी फांदी टाळायची, खाली पडलेल्या अन्नाकडे पाहायचे नाही. सर्वांत विलक्षण बाब म्हणजे, मालकाने ‘चल’ म्हटले आणि समोरून गाडी येत असेल, तर तो आज्ञा मोडतो. विमानात तो मित्राच्या पायांशी असा पडून होता, की उतरेपर्यंत शेजारच्या प्रवाशाला त्याचा पत्ता लागला नाही.

परतीच्या वेळी, विमानात चढण्याच्या दारापाशी, जॅकेट घातलेले दुसरे एक कुत्रे त्याच्यावर धावून आले. चावा बसला नाही, पण झटापट झाली. मित्राचा चेहरा मला दिसला नाही, त्याचा आवाज ऐकला. तो म्हणाला, की एका हल्ल्यानेसुद्धा मार्गदर्शक कुत्र्याचा धीर खचू शकतो. इतर कुत्री दिसताच तो बिचकू लागला, तर त्याला कामावरून काढावे लागते. म्हणजे दोन वर्षांची मेहनत आणि एका माणसाचे डोळे, कोणाच्या तरी शंभर डॉलरच्या बचतीपायी जातात. दुसऱ्या कुत्र्याच्या मालकिणीने क्षमा मागितली. वर म्हणाली, की माझे कुत्रे एरवी असे करत नाही.

खोट्यांमुळे खऱ्यांना आणखी एक भुर्दंड पडतो. नव्या नियमानुसार कंपन्या कुत्र्याच्या आरोग्याचा, वर्तनाचा आणि प्रशिक्षणाचा अर्ज मागू शकतात आणि तिकीट आधीच काढलेले असेल, तर तो 48 तास अगोदर हवा, असेही म्हणू शकतात. विमानफेरी आठ तासांची किंवा त्याहून लांब असेल, तर कुत्रे वाटेत मलमूत्र विसर्जन करणार नाही किंवा केलेच तर स्वच्छतेस बाधा येऊ देणार नाही, असे वेगळे लिहूनही मागू शकतात. माझ्या मित्राला हे सगळे संगणकावर, पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेच्या साहाय्याने भरावे लागते, आणि प्रत्येक कंपनीचे संकेतस्थळ त्या यंत्रणेला नीट वाचता येतेच असे नाही.

आपल्याकडचा अनुभवही फार वेगळा नाही. सेवाग्रामहून नागपूरला जाताना दिव्यांगांच्या डब्यात मी काठी टेकत चढतो, तेव्हा आत धडधाकट माणसे बसलेली असतात, आणि जागा मागितली की मलाच विचारतात, “खरंच दिसत नाही का भाऊ?” आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगांसाठी असलेला लाभ फसवून घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद आहे. डब्यात मात्र ती कोणाला आठवत नाही.

धागाकर्ता:

वरचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. पुढे लिहिणाऱ्यांनी तो आधी वाचावा.

बुलढाणा जिल्ह्यातून, पशुधन विकास अधिकारी:

दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या आणि पावसाळ्यात घटसर्प-फऱ्याचे लसीकरण यांतून डोके वर काढायला फुरसत नसते, तरी अलीकडे शहरातून सुटीला आलेले तरुण येतात आणि म्हणतात, “डॉक्टरसाहेब, सर्व्हिस डॉग म्हणून एक सर्टिफिकेट लिहून द्या.” माझ्या सहीने मी दोनच गोष्टी सांगू शकतो: जनावर प्रवासास तंदुरुस्त आहे, आणि त्याला रेबीजची लस अमुक तारखेस टोचली आहे. त्याला काय शिकवले आहे, हे मी कोणत्या अधिकाराने लिहिणार?

अमेरिकेस कुत्रे नेऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. तेथील रोगनियंत्रण केंद्राचे नवे नियम 1 ऑगस्ट 2024 पासून लागू आहेत. कुत्रे किमान सहा महिन्यांचे हवे आणि त्याला मायक्रोचिप बसवलेली हवी. भारत कुत्र्यांच्या रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्याने येथे लस टोचलेल्या कुत्र्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र आणि तेथील मान्यताप्राप्त केंद्रात आगाऊ नोंदणी लागते. लसीचा परिणाम दाखवणारी रक्ताची वैध प्रतिपिंड (अँटीबॉडी) तपासणी नसेल, तर 28 दिवस विलगीकरण. जॅकेट घातल्याने यातले काहीही टळत नाही. रेबीजचा विषाणू जॅकेट वाचत नाही.

कुही तालुक्यातून, विमानतळावरील कर्मचारी:

मी तपासणी खिडकीवर काम करते, कंपनीचे नाव लिहीत नाही. आपल्या देशात पाळीव प्राण्यांबाबत प्रत्येक कंपनीचे धोरण निराळे आहे. अकासा एअरने नोव्हेंबर 2022 पासून लहान कुत्री-मांजरी पिंजऱ्यासह केबिनमध्ये घेण्यास सुरुवात केली आणि एअर इंडियातही ती सोय आहे, परंतु वजनाची मर्यादा आणि शुल्क आहेच. म्हणूनच काही जण खिडकीवर येऊन ऐनवेळी ‘सर्व्हिस डॉग’ म्हणतात. एका गृहस्थांना मी विचारले, की तो काय काम करतो. ते म्हणाले, “मला हसवतो.” मागची सगळी रांग हसली, मला मात्र हसता आले नाही, कारण पुढचा अर्धा तास ते माझ्यावर ओरडत होते.

आमची अडचण निराळीच आहे. विचारले आणि समोरचा खरोखर दिव्यांग निघाला, तर तक्रार होते. न विचारता सोडले आणि कुत्रे कोणाला चावले, तरीही प्रश्न आम्हालाच. अनुभवाने मी कागदापेक्षा जनावराकडे पाहायला शिकले आहे. शिकलेला कुत्रा गर्दीत मालकाकडे पाहतो, इतर प्रवाशांच्या पिशव्यांकडे नाही.

अचलपूरहून, शिक्षिका:

आतापर्यंतचे वाचून थोडी धास्ती वाटली, म्हणून लिहिते. माझी भाची अमेरिकेत असते. तिला लहानपणापासूनचा मधुमेह आहे आणि रक्तातील साखर घसरू लागली, की तिचा छोटासा कुत्रा वासावरून ओळखून तिला पंजाने ढोसतो. ती तरुण आहे, धडधाकट दिसते, कुत्रा मांडीएवढा, त्यामुळे विमानात चढताना लोक तिच्याकडे ‘आणखी एक ढोंगी’ अशा नजरेने पाहतात. मिरगी, मधुमेह, युद्धानंतरचा मानसिक आघात यांपैकी काहीच बाहेरून दिसत नाही. 2021 च्या नियमाने मानसिक आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्यालाही इतर सहाय्यक कुत्र्यांच्या बरोबरीने मानले आहे आणि केवळ जातीवरून कुत्रा नाकारता येत नाही. तेव्हा दारव्ह्याच्या ताईंनी पाहिलेला तरुण खोटा असेलही. पण कुत्रा ‘शांत ठेवतो’, एवढ्या एका उत्तरावरून तो खोटा ठरत नाही. भुंकण्यावरून ठरतो.

पुसदहून, विद्यार्थिनी:

मला लहानपणी कुत्रे चावले होते आणि इंजेक्शने घ्यावी लागली होती. विमानात शेजारी कुत्रे आले, तर आसन बदलून मागता येते. मी मागितले आणि मिळाले. कुत्रे खरे होते की खोटे, हे मी पाहिले नाही.

वरोऱ्याजवळून, बँक कर्मचारी:

कुहीच्या ताईंना उत्तर देतो. विचारण्याचा संकोच करू नका. मला विचारले, याचा मला कधी राग आलेला नाही. राग याचा येतो, की तपासणी खिडकीवर विचारतात, पुन्हा चढण्याच्या दारापाशी विचारतात, पुन्हा विमानाच्या दारात विचारतात आणि शेवटी शेजारचा प्रवासीही विचारतो. पहिल्या खिडकीवर एकदाच नीट विचारून, उत्तर संगणकात नोंदवून पुढच्यांना कळवता आले, तर माझ्या त्या मित्रासारख्या प्रवाशांचा अर्धा त्रास तेथेच संपेल. तुमच्या वरिष्ठांना हे लेखी द्यायचे असेल, तर मसुदा मी तयार करून देईन.