व्यसनमुक्ती केंद्रातून परतणाऱ्या दिरांशी घरातल्यांनी कसे वागावे?

प्रश्न : माझे धाकटे दीर दारूच्या व्यसनावर केंद्रात राहून उपचार घेत होते आणि आता ते घरी परतणार आहेत. मधल्या काळात सासूबाईंनी सगळ्यांना ‘कामानिमित्त बाहेरगावी गेला आहे’ असेच सांगितले. लवकरच थोरल्या जाऊबाईंच्या मुलीचे लग्न आहे आणि दिरांच्या हाती पैसे देऊ नयेत, त्यांना पाहुण्यांत फार मिसळू देऊ नये, अशी बोलणी घरात सुरू झाली आहेत. त्यांचा अपमान होऊ नये आणि पुन्हा धोकाही ओढवू नये, यासाठी काय करावे?

उत्तर १ : हा आजार आहे, हे आधी घरातल्या मोठ्यांना पटवून द्या. वर्षानुवर्षे दारू घेणाऱ्याचा मेंदू तिला इतका सरावतो की ती एकाएकी बंद केल्यास हात थरथरतात, झोप उडते, काहींना झटके येतात, भ्रमही होतो. त्यामुळे ‘मनात आणले असते तर सोडली असती’ हे बोलणे क्रूर तर आहेच, शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाने काही उपचार मिळाल्याचे सांगितले होते. उपचारांच्या सोयी अपुऱ्या आहेतच, पण लोक काय म्हणतील या धास्तीने कितीतरी जण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. तुमचे दीर पोहोचले, यात लपवण्यासारखे काय आहे?

उत्तर २ : मी स्वतः पुण्याच्या मुक्तांगणमध्ये उपचार घेतले आहेत. घरी आल्यावर सर्वांत जास्त टोचते ती नजर : दार उघडणारा माणूस बोलण्याआधी तोंडाचा वास घेतो, आपण खोलीत शिरताच टेबलावरचे पाकीट उचलले जाते. माझ्या वहिनीने मात्र घरच्या लग्नात आचाऱ्यांकडे लक्ष देण्याचे काम माझ्यावर सोपवले आणि मधूनमधून डोकावायलाही आली नाही. हळदीच्या रात्री एका चुलत भावाने ‘आजच्या दिवस एक घोट घे’ म्हणत ग्लास पुढे केला, तेव्हा ‘भाऊजी घेत नाहीत’ एवढेच म्हणून तिने त्याला दुसऱ्या कामाला लावले. तिने खुलासा केला नाही आणि खोटेही सांगितले नाही.

उत्तर ३ : मी व्यसनातून सावरलेल्या गृहस्थांची पत्नी आहे. पैशांबाबत घरातल्यांची भीती मी उडवून लावणार नाही, कारण मोडलेला विश्वास जुळायला घरच्यांनाही वेळ लागतो. सुरुवातीला मोठ्या रकमा त्यांच्या हाती नसाव्यात, परंतु हे त्यांच्या पाठीमागे न ठरवता त्यांना सोबत बसवून ठरवावे. रोख रक्कम जवळ नको, असे पुष्कळ जण स्वतःहून सांगतात. पुढे कधी पाय घसरलाच, तर ‘शेवटी मूळ पदावर आलास’ असे न ऐकवता त्याच दिवशी समुपदेशकांना कळवा किंवा १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला. सासूबाईंना अल-अनॉनच्या सभेला जरूर घेऊन जा, कारण तिथे व्यसनी माणसांचे कुटुंबीय एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात आणि बाहेरगावच्या कामाची गोष्ट त्यांना तिथे सांगावी लागणार नाही.